ओठाला ओठ न लावता

चातुर्मासात नेम धरण्याची रीत महाराष्ट्रातल्या घराघरांत जुनी आहे. कोणी चार महिने कांदा-लसूण सोडतो, कोणी एकभुक्त राहतो, कोणी आवडीची एखादी भाजीच वर्ज्य करतो. आणि या साऱ्यांत नेम धरणाऱ्यावर कोणाची सक्ती नसते, नेम कोणता आणि किती दिवसांचा हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, मात्र एकदा धरला की तो मोडायचा नसतो. धार्मिक आचारातला हा शब्द कलेच्या विचारातही चपखल बसतो. कवीने, गायकाने, चित्रकाराने किंवा गद्यलेखकाने, कोणी सांगितलेले नसताना, हाताशी असलेल्या साधनांपैकी एखादे साधन ठरवून बाजूला ठेवणे आणि उरलेल्यांत काम तडीस नेणे, या प्रकाराला येथे नेम म्हटले आहे. छापखान्याची मुदत, मालिकेचा वेळ किंवा खर्चाची चणचण ही बंधने बाहेरून येतात आणि कलावंत ती निभावून नेतो. नेम मात्र तो स्वतः निवडतो, आणि म्हणूनच तो शिकण्याचे साधन होऊ शकतो. मोकळीक दिली की कल्पकता फुलते, ही समजूत आज सर्वत्र रुजलेली आहे, परंतु मराठी कवितेचा आणि भारतीय संगीताचा इतिहास त्याहून निराळी साक्ष देतो.

या साक्षीतले सर्वांत बोलके उदाहरण मोरोपंतांचे आहे. मोरोपंत रामचंद्र पराडकर (१७२९–१७९४) यांचा जन्म पन्हाळ्याचा. पुढे बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पुराण सांगणे आणि काव्य रचणे यांत त्यांचे आयुष्य गेले. आर्या म्हटले की मोरोपंत आठवतात, इतके हे वृत्त त्यांच्या नावाशी जोडले गेले आहे. आर्या हे मात्रावृत्त आहे, म्हणजे त्यात अक्षरांची संख्या न मोजता उच्चाराला लागणारा काळ मोजतात, ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घ अक्षराच्या दोन. (काटेकोर बोलायचे तर मोरोपंतांची बहुतेक रचना गीति या प्रकारात आहे, कारण तिच्या दोन्ही ओळी बारा अधिक अठरा अशा तीस-तीस मात्रांच्या असतात, तर शास्त्रातल्या आर्येची दुसरी ओळ सत्तावीसच मात्रांची असते; पण लोकांनी तिला आर्या म्हटले आणि तेच नाव टिकले.) एवढे बंधन पुरेसे नव्हते म्हणून की काय, या कवीने रामकथा पुन्हा पुन्हा सांगायला घेतली आणि अनेकदा नवा नेम धरून सांगितली. परंपरा त्यांच्या नावावर एकशे आठ रामायणे सांगते. ती सगळी आज उपलब्ध नाहीत, पण जी आहेत त्यांत निरोष्ठ रामायण या नावाची एक रचना आहे आणि तिचा नेम नावातच सांगितलेला आहे: ओष्ठ्य वर्ण वापरायचे नाहीत.

ओष्ठ्य म्हणजे ज्यांचा उच्चार ओठांनी होतो ते वर्ण. संस्कृत व्याकरणाप्रमाणे प, फ, ब, भ, म ही पाच व्यंजने आणि उ, ऊ हे दोन स्वर ओष्ठ्य आहेत, कारण पहिल्या पाचांत ओठ मिटतात आणि पुढच्या दोघांत ते गोल होतात. ओ आणि औ यांना कंठाबरोबर ओठांचेही साहाय्य लागते, व ला दातांबरोबर ओठ लागतो, त्यामुळे नेम अगदी कडक धरला तर तेही बाद होतात. ही कल्पना मोरोपंतांची नव्हे. दंडी या संस्कृत लेखकाच्या दशकुमारचरितातल्या सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त नावाचा राजकुमार आपली हकिगत सांगतो, आणि प्रियेच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखावलेले असल्यामुळे ती सगळी हकिगत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. दंडीनेच काव्यादर्शात अशा दुष्कर रचनांचे प्रकार सांगितले आहेत: ठराविक स्वरच वापरायचे, ठराविक उच्चारस्थानाचे वर्णच वापरायचे, किंवा मोजक्या व्यंजनांतच श्लोक बसवायचा. मोरोपंतांनी ही जुनी विद्या उचलली आणि रामकथेला लावली, आणि त्या निवडीने एक मोठीच अडचण उभी राहिली, ती अशी की राम हे नावच ओष्ठ्य आहे.

या अडचणीचा आवाका नीट ध्यानात यायला हवा. रामाबरोबर लक्ष्मण जातो, भरत जातो, शत्रुघ्न जातो. हनुमान, मारुती, सुग्रीव, बिभीषण, कुंभकर्ण, मंदोदरी, शूर्पणखा आणि जटायू यांची नावे घेता येत नाहीत, शरयूचा उच्चार करता येत नाही, आणि नेम कडक धरला तर अयोध्या, रावण आणि राघव हेही संपतात. हाती उरतात ते दशरथ, कैकेयी, सीता, जानकी, जनक, अंगद, नल, नील, इंद्रजित, दशानन आणि लंका. नावांचे हे नुकसान डोळ्यांत भरते, पण व्याकरणाचे नुकसान त्याहून खोल आहे. ‘करून’, ‘जाऊन’, ‘पाहून’ ही रूपे ‘ऊन’ प्रत्ययाची असल्यामुळे मराठी कथनाचा कणाच मोडतो. एक क्रिया आटोपून दुसरीकडे जाण्याची आपली नेहमीची वाट हीच. ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ ही सर्वनामे जातात. ‘पण’, ‘म्हणून’, ‘मग’, ‘पुढे’ हे सांधे जातात. ‘बोलणे’ आणि ‘म्हणणे’ ही संवादाची क्रियापदे जातात, आणि कडक नेमात ‘तो’ आणि ‘होता’ हे दोन साधे शब्दही हातचे जातात.

हा नेम कडकपणे धरून एक साधे वाक्य लिहून पाहावे. ‘राम वनात गेला, म्हणून दशरथ शोकाने मरण पावला’ हे वाक्य कोणालाही सुचेल. त्यातला ‘राम’, ‘वनात’, ‘म्हणून’, ‘शोकाने’, ‘मरण’ आणि ‘पावला’ यांतला एकही शब्द चालत नाही. बरीच खटपट केल्यावर हाती येते ते काहीसे असे: ‘ज्येष्ठ राजतनय अरण्यात गेला आणि त्या शल्याने दशरथाने देह टाकला.’ या दुसऱ्या वाक्यात कोठेही ओठ मिटत नाहीत किंवा गोल होत नाहीत. परंतु त्याहून महत्त्वाचे असे की हे वाक्य पहिल्याचे नुसते रूपांतर राहिलेले नाही. रामाचे नाव गेल्यामुळे त्याला नात्याने ओळखावे लागले आणि बापलेकांचा संबंध शब्दांतच आला. ‘म्हणून’ हा कार्यकारण दाखवणारा कोरडा शब्द गेल्यामुळे त्याच्या जागी एक वस्तू आली, शल्य, आणि शल्य म्हणजे शरीरात रुतून राहिलेले बाणाचे टोक. दशरथाच्या हातून सुटलेल्या बाणाने श्रावण मेला होता आणि त्याच्या आईबापांच्या शापामुळेच राजाला पुत्रशोकाने मरावे लागले, ही सारी पूर्वकथा त्या एका शब्दात येऊन उभी राहते. पहिले वाक्य लिहिणाऱ्याला हा शब्द सुचण्याचे काही कारणच नव्हते, कारण ‘म्हणून’ने त्याचे काम भागले होते.

नेमाची सगळी करामत ‘भागले होते’ या शब्दांत आहे. मनात पहिला येणारा शब्द बहुधा पुरेसा असतो, आणि तो पुरेसा असतो म्हणूनच मन पुढे शोधत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस वॉर्ड यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना दुसऱ्या ग्रहावरच्या प्राण्याची कल्पना करून त्याचे चित्र काढायला सांगितले होते. पृथ्वीशी काहीच साम्य राखण्याची अट नसतानाही बहुतेकांच्या प्राण्यांना पाय होते, डोळ्यांसारखी ज्ञानेंद्रिये होती, आणि त्यांचे डावे-उजवे अंग सारखेच होते. सगळे रान मोकळे असूनही जो तो मळलेल्या पायवाटेनेच गेला. नेम धरणारा मनुष्य त्या पायवाटेवर काटेरी फांदी आडवी टाकतो. त्यामुळे तो आपोआप चांगल्या जागी पोचतो असे नाही, पण आजवर न गेलेल्या बाजूला वळणे त्याला भाग पडते, आणि वळताना भाषेचे किंवा स्वरांचे जे कोपरे त्याच्या पायाखालून जातात ते पुढेही त्याच्या ओळखीचे राहतात.

मोरोपंतांच्या जवळजवळ दोन शतकांनंतर, त्यांची काहीच वार्ता नसलेल्या एका फ्रेंच लेखकाने असाच नेम धरला. पॅरिसमध्ये १९६० साली रेमाँ केनो हे साहित्यिक आणि फ्रान्स्वा ल लियॉने हे गणिताचे जाणकार यांनी ‘उलिपो’ नावाचे एक मंडळ स्थापन केले. त्या नावाचा विस्तार ‘संभाव्य साहित्याची कार्यशाळा’ असा होतो आणि साहित्यनिर्मितीसाठी नवनवे नियम शोधणे हाच त्याचा उद्देश होता. केनो यांनी १९६१ साली चौदा ओळींची दहा सुनीते अशी रचली की कोणत्याही सुनीताची कोणतीही ओळ दुसऱ्यातल्या त्याच क्रमांकाच्या ओळीच्या जागी बसावी, आणि दहा सुनीतांतून दहाचा चौदावा घात, म्हणजे शंभर लाख कोटी कविता तयार व्हाव्यात. कल्पना म्हणून ती थक्क करणारी आहे, वाचायला मात्र जन्म पुरणार नाही. मंडळातले दुसरे सदस्य जॉर्ज पेरेक (१९३६–१९८२) यांनी केलेले काम त्याहून फार खोलवर जाते. त्यांनी १९६९ साली ‘ला दिस्पारिस्याँ’ ही सुमारे तीनशे पानांची कादंबरी प्रसिद्ध केली, आणि तिच्यात फ्रेंच भाषेत सर्वांत अधिक वेळा येणारे ‘ई’ हे रोमन अक्षर एकदाही वापरले नाही. मराठीत तुलना करायची तर त हे अक्षर सोडून कादंबरी लिहावी, आणि त्याबरोबर ‘तो’, ‘ती’, ‘ते’, ‘करतात’, ‘जाते’, ‘होते’, ‘घरात’ आणि ‘मनात’ यांवर पाणी सोडावे, तसे हे काम होते.

‘दिस्पारिस्याँ’ या शब्दाचा अर्थ नाहीसे होणे, बेपत्ता होणे. पेरेक यांचे आईबाप पोलंडहून पॅरिसला आलेले ज्यू होते. वडील १९४० साली लढाईत मारले गेले आणि आईला १९४३ साली पकडून आउशविट्झच्या छळछावणीकडे धाडण्यात आले, तेथून ती परतली नाही. तिची कबर नाही. फ्रेंच सरकारने जो दाखला दिला त्याच्या नावातही हाच शब्द होता. वर्ज्य ठरवलेल्या त्या अक्षरावाचून फ्रेंचमध्ये आई हा शब्द लिहिता येत नाही, बाप लिहिता येत नाही आणि पेरेक हे स्वतःचे आडनावही लिहिता येत नाही. कादंबरीतली माणसे एकेक करून नाहीशी होतात आणि आपल्या जगातून काय हरवले आहे ते त्यांना सांगता येत नाही, कारण सांगायला लागणारे अक्षरच त्यांच्यापाशी नाही. येथे नेम हा लेखकाच्या विषयाशी एकजीव झाला आहे. ज्याचे दुःख उघड बोलून दाखवणे अशक्य होते त्याने दुःखाचा आकारच पुस्तकाला दिला. रामाचे नाव न घेता सांगितलेले रामायण आणि आईचे नाव न लिहिता लिहिलेली ही कादंबरी यांचे हेतू वेगळे आहेत, पण केंद्रस्थानी असलेली गोष्ट वगळली की तिच्याभोवतीचे सारे काही तिच्याचकडे बोट दाखवू लागते, हा अनुभव दोन्हीकडे एकच आहे.

नेमाचा दुसरा उपयोग रियाजासाठी होतो, आणि तेथे तयार कलाकृतीपेक्षा हाताची किंवा गळ्याची घडण महत्त्वाची असते. त्याची सर्वांत शिस्तशीर पद्धत भारतीय संगीताने विकसित केली. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असताना, संगीतरत्नाकर हा ग्रंथ लिहिला आणि त्यात खंडमेरू नावाची मांडणी दिली. गायकांच्या बोलण्यात तिला मेरुखंड म्हणतात. ठरावीक स्वर घ्यायचे, एकही पुन्हा घ्यायचा नाही, एकही गाळायचा नाही, आणि त्यांचे जेवढे क्रम संभवतात तेवढे सगळे ओळीने गायचे. तीन स्वरांचे सहा क्रम होतात, चारांचे चोवीस, पाचांचे एकशे वीस आणि सातांचे पाच हजार चाळीस. सा, रे, ग, म हे चार स्वर घेतले तर क्रम असा चालतो: सारेगम, रेसागम, सागरेम, गसारेम, रेगसाम, गरेसाम, या सहांत शेवटचा म जागचा हलत नाही, पुढच्या सहांत शेवटी ग येतो, त्यापुढच्यांत रे आणि अखेरच्या सहांत सा.

नवख्या विद्यार्थ्याला यांतले सारेगम आणि उलटे मगरेसा सहज येतात, कारण गळा चढत्या किंवा उतरत्या जिन्याने जायला सोकावलेला असतो. गसारेम म्हणताना मात्र तो अडखळतो; ग वरून एकदम खाली सा, तेथून एक पायरी वर, आणि मग ग ओलांडून म, ही चाल त्याच्या सवयीत नसते. नेम नसता तर अशा अवघड जागा त्याने नकळत टाळल्या असत्या आणि टाळल्याचे त्याच्या कधी लक्षातही आले नसते. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्या विलंबित गायनात मेरुखंडाची ही साधना पचून आलेली ऐकू येते. तीन-चार स्वरांच्या अंगणात ते बराच वेळ रेंगाळतात आणि प्रत्येक वेळी तेच स्वर नव्या तोंडवळ्याने समोर येतात, तरीही ऐकणाऱ्याला कोठे हिशेब चालल्याचा भास होत नाही.

रागसंगीताचा सगळा डोलाराच खरे तर अशा वर्ज्यावर्ज्याच्या नियमांवर उभा आहे. भूप आणि देसकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध एवढे पाचच स्वर लागतात, म आणि नी दोन्हींत वर्ज्य आहेत. भूपात गंधारावर भर, देसकारात धैवतावर; भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा, देसकार सकाळी. पाच स्वर तेच असताना गायकाने देसकार गाताना भूपाची सावलीही पडू द्यायची नाही, यासाठी कोणत्या स्वरावर थांबायचे, कोणत्यावरून नुसते सरकायचे आणि कोणता किती काळ धरायचा याचा जो बारकाईने विचार करावा लागतो, तो बाराही स्वर मोकळे असलेल्या माणसाला करावाच लागत नाही.

कवितेत आज असा रियाज ज्या प्रकारात जिवंत आहे तो प्रकार गझलेचा. सुरेश भट (१९३२–२००३) यांनी ‘गझलेची बाराखडी’ या छोट्या पुस्तिकेतून मराठी कवींना तिचे नियम समजावून सांगितले आणि त्यातून गझल लिहिणाऱ्यांची एक पिढीच उभी राहिली. गझलेतल्या दोन ओळींच्या प्रत्येक कवितेला शेर म्हणतात आणि प्रत्येक शेर अर्थाच्या दृष्टीने स्वतंत्र असतो. सगळ्या ओळी एकाच वृत्तात हव्यात. पहिल्या शेराच्या दोन्ही ओळींत आणि पुढच्या प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत शेवटी एक न बदलणारा शब्द येतो, तो रदीफ. त्याच्या आधी यमक जुळणारा शब्द येतो, तो काफिया. आणि काफियातल्या न बदलणाऱ्या अक्षरांच्या अगोदरचा स्वरही कायम राखावा लागतो, त्याला अलामत म्हणतात. समजा, ‘होता’ हा रदीफ ठरला आणि काफियासाठी ‘वारा’ हा शब्द घेतला. आता शेवटी रा आणि त्याआधी आ हा स्वर असलेलेच शब्द चालणार. तारा, किनारा, निखारा, इशारा, पहारा हे चटकन सुचतात आणि ते बहुतेक सगळ्यांनाच सुचलेले असतात. विरहाची गझल लिहायला बसलेल्या कवीचे पहिले तीन-चार शेर या नेहमीच्या शब्दांत संपतात आणि मग शब्दच उरत नाहीत. कागदाच्या कडेला यमकांची यादी करत करत तो पसारा, उतारा, येरझारा, डोलारा असा पुढे जातो आणि केव्हातरी सातबारा या शब्दापाशी येऊन थांबतो. तलाठ्याच्या दप्तरातला, जमिनीची मालकी सांगणारा हा शब्द प्रेमकवितेत कोणी बोलावून आणणार नाही. पण ‘सातबारा होता’ एवढे शब्द समोर येताच काय कोणाच्या नावावर होते आणि काय उतरले, कोणते नाव कमी झाले, असे सारे प्रश्न जागे होतात आणि विरहाचा विचार एकदम शेताच्या बांधावर जाऊन उभा राहतो. काफियाने तो शब्द कवीच्या हाती ठेवला. त्याचे काय करायचे ते ठरवणे पुन्हा कवीकडेच राहते.

अशी उदाहरणे इतर क्षेत्रांतही पुष्कळ सापडतात. डॉ. स्यूस या टोपणनावाने लिहिणाऱ्या अमेरिकी लेखकाने प्रकाशकाशी पैज लावून १९६० साली अवघ्या पन्नास वेगवेगळ्या शब्दांत ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ हे बालपुस्तक लिहिले. वारली चित्रांत गेरू आणि शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने, वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्याच आकारांतून सारे जग उभे राहते. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड, आणि ते थोडे कलले की माणूस नाचू लागतो. भिंतीवरची मर्यादा परंपरेने आलेली होती, परंतु पद्मश्रीने गौरवले गेलेले डहाणू परिसरातले चित्रकार जिव्या सोमा मशे (मृत्यू २०१८) यांच्यापाशी कागद, कॅनव्हास आणि बाजारचे रंग पोचल्यावरही त्यांनी पांढरी रेघ सोडली नाही, तेव्हापासून ती मर्यादा त्यांचा नेम झाली. उपवासाचा स्वयंपाक हेही त्याचेच घरगुती रूप म्हणता येईल. धान्य आणि कडधान्य वर्ज्य केल्यावर वरई, शिंगाडा, राजगिरा, रताळे, साबुदाणा आणि दाण्याचे कूट एवढ्यातून मराठी बायकांनी थालीपीठ, आमटी, खिचडी आणि वडे असा अख्खा संसार मांडला, आणि त्यातले साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे जिन्नस तर परमुलुखातून आलेले आहेत.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो जुनाही आहे. अकराव्या शतकातला काश्मिरी पंडित मम्मट याने काव्यप्रकाशात काव्याच्या तीन प्रती सांगितल्या आणि जेथे सारे बळ केवळ शब्दांच्या किंवा अर्थाच्या चमत्कृतीवर आहे त्या चित्रकाव्याला सर्वांत खालची प्रत दिली. संस्कृत कवी भारवी याने किरातार्जुनीयाच्या पंधराव्या सर्गात जवळजवळ केवळ न या एकाच व्यंजनात श्लोक रचून दाखवला. तो सोडवायला टीका उघडावी लागते आणि सोडवल्यावर कौतुकाखेरीज हाती फार काही लागत नाही. मराठीत वामन पंडितांना यमकांच्या हव्यासापायी ‘यमक्या वामन’ असे नाव पडले. मोरोपंतांवरही शब्दांची कसरत केल्याचा ठपका वारंवार ठेवला गेला, आणि त्यांच्या चित्ररामायणांपुरता तो खोटा म्हणता येणार नाही. निरोष्ठ रामायणाने वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणावे अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे.

परंतु आक्षेप मान्य करूनही दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. रियाजाची वही आणि मैफल यांना एकाच मापाने मोजू नये. ज्या कवीने भाषेतला प्रत्येक सांधा काढून, पर्यायी सांधा शोधून, पुन्हा बसवून पाहिला होता, त्याच कवीने उत्तरायुष्यात केकावली लिहिली, आणि प्रत्येक ओळीत सतरा अक्षरांचा पक्का साचा असलेल्या पृथ्वी वृत्तात देवाशी भांडणाऱ्या, रुसणाऱ्या, लाचार होणाऱ्या भक्ताचा आवाज इतका मोकळा लागला की वृत्ताचे ओझे कोठेच जाणवत नाही. ती सहजता शेकडो आर्यांच्या आणि डझनावारी रामायणांच्या मेहनतीवाचून आली असती असे मानणे कठीण आहे. दुसरी गोष्ट नेमाच्या निवडीची. यमकाचा सोस वाक्याच्या शेवटच्या दोन अक्षरांनाच शिवतो, त्यामुळे लेखक वाक्य नेहमीसारखेच रचतो आणि शेपूट तेवढे जुळवून घेतो. ‘ऊन’ प्रत्यय वर्ज्य केला की वाक्याची रचनाच बदलावी लागते. जो नेम सवयीच्या मुळाशी जातो तोच काही शिकवतो, वरवरचा नेम नुसती दमणूक करतो.

म्हणून नेम निवडण्यापूर्वी आपली सवय कोणती हे धुंडाळणे हे पहिले काम ठरते. गद्य लिहिणाऱ्याने आपलीच चार पाने पुढ्यात घ्यावीत आणि पुन्हा पुन्हा काय येते त्यावर खुणा कराव्यात. विशेषणांची रेलचेल दिसली तर आठवडाभर विशेषणावाचून लिहावे, म्हणजे ‘उंच, काळाकभिन्न डोंगर’ लिहिता येणार नाही आणि त्या डोंगरामुळे गावात सूर्य किती उशिरा पोचतो ते सांगावे लागेल. प्रत्येक परिच्छेद ‘पण’ने वळत असेल तर ‘पण’ सोडावा. संवाद लिहिताना पात्रे मनातले सगळे बोलून टाकत असतील तर त्यांना केवळ प्रश्न विचारण्याची मुभा द्यावी. नेम एका वेळी एकच असावा, मुदतीचा असावा, आणि पाळला की मोडला हे तिऱ्हाइताला पाहून सांगता येईल इतका स्पष्ट असावा. ‘अधिक साधे लिहायचे’ हा संकल्प झाला, नेम नव्हे, कारण तो मोडल्याचे कधी सिद्धच होत नाही. पहिले दोन-तीन दिवस लिखाण ओबडधोबड होते आणि ते तसेच व्हायला हवे, कारण त्या दिवसांत हात जुनी वाट विसरत असतो.

नेम मोडण्यालाही कलेत एक रीतसर जागा दिलेली आहे. उलिपोच्या लेखकांनी नियमातून जाणूनबुजून केलेल्या एखाद्या विचलनाला मान्यता दिली, मात्र नियम पाळणे शक्य असतानाच ते करावे असे ठरवले. अडचणीतून सुटका म्हणून केलेली पळवाट त्यांना मंजूर नव्हती. हिंदुस्थानी संगीतात हीच गोष्ट विवादी स्वराच्या रूपाने आधीपासून आहे. विवादी म्हणजे रागाला न मानवणारा स्वर. तो लावला की राग बिघडतो, परंतु मुरलेला गायक त्याचा ओझरता स्पर्श करून रागाचे सौंदर्य वाढवतो. पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रागांची जी व्यवस्था लावली तीत बिहाग हा बिलावल थाटातला, शुद्ध मध्यमाचा राग आहे आणि तीव्र मध्यमाला त्यात विवादी म्हणून क्वचित, पंचमाला लगटून येण्यापुरती वाट मोकळी आहे. गायकांनी ती जपून वापरली, मग जरा सढळ हाताने वापरली, आणि पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर आज बिहाग सुरू झाला की श्रोते त्या तीव्र मध्यमाचीच वाट पाहत बसतात.